परत, पण कुणाचं?

गेल्या दिवाळीत साताऱ्यात एका परिसंवादाला गेले होते. पुण्या-मुंबईहून साताऱ्याला आलेली माणसं पुन्हा निघून का जातात, असा विषय होता. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्यासारखी बरीच कुटुंबं इकडे आली. घरून काम सुरू झालं, मुलांची नावं इथल्या शाळांत घातली. पुढे कंपन्यांनी माणसांना ऑफिसात बोलवायला सुरुवात केली आणि एकेका घराला पुन्हा कुलूप लागू लागलं. व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ वक्त्यांनी या माणसांना सरळ पळपुटे म्हटलं. मातीने पोटाशी धरलं आणि यांनी पाठ फिरवली, असं ते तळमळून बोलले. त्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, पेन्शनरांच्या गावात आम्ही करायचं काय? टाळ्या दोघांनाही पडल्या. पुढचा दीड तास हेच दोन सूर आळीपाळीने लागत राहिले. मला घरी येईपर्यंत चैन पडेना, कारण हाच प्रश्न सहा महिने आमच्या घरात मुक्कामाला आहे आणि त्या दीड तासात आमच्या कामी येईल असं एक वाक्य कुणी बोललं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एकदा सोडलेल्या शहरात पुन्हा राहायला जाण्यात कमीपणा नाही आणि न जाण्यात मोठेपणा नाही. पण हा निर्णय ‘परत’ या शब्दावर उभा करू नये. हा शब्द घरातल्या एकाच माणसाच्या आयुष्याचा हिशेब सगळ्यांच्या नावावर टाकतो. शहर निवडायचं तर नव्याने निवडावं, जणू आपण तिथे कधी राहिलोच नाही अशा नजरेने. आणि ज्याचा दिवस त्या निर्णयाने सगळ्यात जास्त बदलणार आहे, त्याचा शब्द सगळ्यात आधी ऐकावा.

माझंच सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. कॉलेज सांगलीत, नोकरी पुण्यात, लग्नानंतर तेरा वर्षं कर्वेनगरात. नवरा साताऱ्याचा, शनिवार पेठेतला. २०२० च्या जूनमध्ये आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा आळीतला प्रत्येक जण म्हणाला, “बरं झालं, परत आलात.” परत तो आला होता. मी तर पहिल्यांदा येत होते. त्याआधी गणपतीचे पाच दिवस, दिवाळीचे चार दिवस, एवढाच माझा सातारा. कोणत्या दुकानात उधारी चालते, पाणी किती वाजता येतं, रात्री उशिरा कोणता डॉक्टर दार उघडतो, यातलं मला काही माहीत नव्हतं. मुलगी पुण्यातच जन्मली, तिथल्याच शाळेत पाचवीपर्यंत शिकली. म्हणजे खंबाटकीचा घाट एकाच गाडीतून तिघांनी ओलांडला आणि परत फक्त एक जण आला. आता पुण्याला जायचं का, असं म्हणतो तेव्हा सगळं उलटं होतं. मुलीसाठी आणि माझ्यासाठी ते परत जाणं आहे, नवऱ्यासाठी दुसऱ्यांदा घर सोडणं आहे आणि सासूबाईंसाठी उतारवयात मुळासकट उपटलं जाणं आहे. यातलं कुठलं ‘परत’ खरं धरायचं?

मातीच्या ओढीवर बोलणाऱ्यांना एक प्रश्न मनापासून विचारावासा वाटतो. बाईची माती कोणती? तिला लहानपणापासून ऐकवलं जातं की तुला लोकाच्या घरी जायचंय. विशी-पंचविशीत तिला एका गावातून उचलून दुसऱ्या गावात रुजायला सांगतात आणि ती रुजते. तेव्हा कुणी मुळांची भाषा काढत नाही. मग तिचा नवरा चाळिशीत आपल्या गावी येतो, तेव्हा मुळं एकदम पवित्र होतात, आणि तिला पुन्हा जावंसं वाटलं तर ती ‘पुण्याची हवा लागलेली’ ठरते. माझ्या आयुष्यात मी स्वतः निवडलेलं एकच शहर आहे, ते पुणे. सांगली जन्माने आली, सातारा लग्नाने आला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. साताऱ्याने मला खूप दिलं. पण ओढीचं माप काढायचं तर सगळ्यांच्या ओढीचं काढा.

आता इतिहासाकडे येते, कारण परिसंवादात इतिहासाचे दाखले ढिगाने दिले गेले आणि ज्या शहरात आम्ही बसलो होतो त्या शहराचाच दाखला कुणाला आठवला नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा शाहू महाराज सात वर्षांचे होते. आई येसूबाईंबरोबर ते कैदेत गेले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटले, तेव्हा पंचविशीत होते. अठरा वर्षांनी ते परतले, त्यांचं स्वागत कसं झालं? हा तोतया आहे, असा आरोप ताराबाईंच्या बाजूने झाला. ज्या राज्याचे ते वारस होते त्याच राज्याच्या सरदारांना आधी ओळख पटवून द्यावी लागली, मग खेडला लढाई झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. रायगड त्या वेळी मराठ्यांकडे नव्हताच. पुढे १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांच्या ताब्यात आला, तरी गादी साताऱ्यालाच राहिली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शाहूनगर वसवलं आणि १७४९ मध्ये त्यांचा मृत्यूही इथेच झाला. ज्या शहराच्या व्यासपीठावरून ‘मूळ जागी परत या’ असं सांगितलं जातं, ते शहर मूळ जागी परत न गेलेल्या राजाने मोठं केलेलं आहे. परत आलेल्या माणसाने समोरची परिस्थिती बघून नवी जागा निवडली, म्हणून आज आपल्याला राजवाडा आहे, पेठा आहेत.

ओळख पटवण्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. मागच्या फेब्रुवारीत मी कर्वेनगरला आमच्या जुन्या इमारतीत गेले होते. फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, कराराचं काम होतं. गेटवर नवा वॉचमन. “कुणाकडे जायचंय?” मी म्हटलं, चौथ्या मजल्यावरचं घर आमचंच आहे. त्याने वही पुढे सरकवली. नाव, फोन नंबर, कुणाकडे, किती वाजता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी तेरा वर्षं त्या गेटमधून गेले-आले होते आणि ‘कुणाकडे’ या रकान्यात आता मला भाडेकरूचं आडनाव लिहायचं होतं. पेन हातात धरून मी क्षणभर थांबले. समोरचं किराणा दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी चार वर्षं माझ्या मुलीला शाळेच्या बसमधून उतरवून घेतलं, त्या मुलाकडे बंगळुरूला गेल्या होत्या. मी सोडलं तेव्हा पुण्यात मेट्रो धावत नव्हती. ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्येच पाडला, चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटाने उडवला. माझ्या डोक्यात पुण्याचा जो नकाशा आहे त्यातले रस्तेसुद्धा आता तसे नाहीत. तेव्हा ‘पुण्याला परत जाऊ, तिथे आपलं सगळं आहे’ असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. आपलं जे सगळं होतं ते बहुतेक माणसांत होतं आणि माणसं हलली आहेत.

समोरच्या बाजूचे मुद्दे कच्चे नाहीत. पहिला आणि सगळ्यात पक्का मुद्दा आधाराचा. २०२२ च्या पावसाळ्यात रात्री अकराला सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी नुसती हाक मारली. पाच मिनिटांत आळीतली चार पोरं आली, त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून जिन्यावरून खाली आणलं, एकाने गाडी काढली. ऑपरेशन होऊन आम्ही घरी येईपर्यंत आठ दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही, एवढे डबे आले. कर्वेनगरच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत हे असंच झालं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेव्हाही हजारो कामगार सातारा-सांगलीच्या गावांत येऊन राहिले. लांबलेल्या संपात त्यांना तगवलं ते गावाकडच्या भाकरीने. गावाशी नाळ ठेवा असं म्हणणारा माणूस हवेत बोलत नसतो, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण त्या रात्री धावून आलेली पोरं कुणासाठी आली? सासूबाई पन्नास वर्षं त्या आळीत राहिल्या. कुणाच्या बाळंतिणीला तेल लावलं, कुणाच्या दहावीच्या पोराला पहाटे उठवून चहा दिला. ती त्यांची कमाई होती, आम्ही तिच्यावर जगलो. मातीने आपोआप दिलेलं त्यात काही नव्हतं. पुण्यातल्या काकूंनी माझ्या मुलीला चार वर्षं सांभाळलं, तेही तसंच कमावलेलं होतं. मग एकाला मुळं म्हणायचं आणि दुसऱ्याला नुसता शेजार, हा भेद कशासाठी? आणि २०२० सालचीच दुसरी बाजूही आठवा. पुण्या-मुंबईहून माणसं येऊ लागली तेव्हा गावोगाव वेशीवर काट्या टाकल्या होत्या, आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवत होते. ती भीती खरी होती, मी कुणाला दोष देत नाही. पण आपलं माणूस आणि परकं माणूस ही रेघ गावसुद्धा प्रसंग बघून ओढतं.

दुसरा मुद्दा गावाच्या भल्याचा. शिकलेली, कमावती माणसं निघून गेली तर सातारा म्हाताऱ्यांचाच राहील, हे दुःख मला पटतं. संध्याकाळी सातनंतर आमच्या आळीत तरुण आवाज कमी ऐकू येतात. पण अपराधी वाटायला लावून माणसं राहतात का? माझे मामा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात आहेत. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. केरळ म्हणू नका, तमिळनाडू म्हणू नका, बंगाल म्हणू नका. गावात त्यांची टोलेजंग घरं आहेत, वर्षातून एकदा जत्रेला उघडतात. माझ्या लहानपणी मामा दर जत्रेत सांगायचे की पुढच्या वर्षी कायमचा येतो. गावाची ओढ त्यांच्याइतकी कुणाला असेल? तरी ते आले नाहीत. त्यांचा थोरला मुलगा मात्र आला, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवाराला लागल्यावर. आता त्याची द्राक्षबाग आहे. तीस वर्षं ओढीने जे झालं नाही ते पाण्याने झालं. सातारकरांनी हाच हिशेब स्वतःला लावावा. इथे शिकलेल्या बाईला तिच्या शिक्षणाजोगी नोकरी किती ठिकाणी मिळते? मी पुण्यात एका कंपनीत पगारपत्रकांचं काम बघायचे. तीन वर्षं घरून केलं, मग ऑफिसात या म्हणाले आणि मी नोकरी सोडली. आज मी साताऱ्यात दोन दुकानांचे हिशेब लिहिते, जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर. नवऱ्याची कंपनी घरून काम चालवून घेते, म्हणून त्याचा सातारा आणि माझा सातारा ही दोन वेगळी गावं आहेत.

बाहेरून आलेल्यांनी आणि इथून गेलेल्यांनीच हे शहर घडवलं, हेही आपण विसरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म कुंभोजचा. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये काले इथे सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आणली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा इथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. आज ते प्रतापसिंह हायस्कूल आहे आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ते कुटुंब पुढे मुंबईला गेलं. पुढच्या शिक्षणाची दारं तिथे उघडली, एल्फिन्स्टनची, कोलंबियाची. त्या मुलाने सातारा सोडला म्हणून कुणाला वाईट वाटतं का? आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. मग आज दहावीनंतर पुण्याला निघालेल्या माझ्या मुलीच्या वाट्याला वेगळा न्याय का?

काही समंजस माणसं मधला मार्ग सुचवतात. नवऱ्याने आठवडाभर पुण्यात राहावं, शनिवार-रविवार इकडे यावं, म्हणजे दोन्ही सांभाळलं. सोमवारी पहाटे पाचला साताऱ्याच्या स्टँडवर एकदा उभं राहून हा मार्ग बघावा. स्वारगेटच्या विनाथांबा गाडीला रांग लागलेली असते. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात पिशवी, पिशवीत पाच दिवसांच्या चटण्या आणि एक दिवसाच्या पोळ्या. रांगेतला एक जण फोनवर झोपलेल्या मुलाला उठवायला सांगत असतो, कारण आज त्याची परीक्षा. सोडायला आलेल्या बाईने स्वेटरवरच स्कूटर चालवत आणलेली असते. गाडी हलली की ती वळते, आणि तिथून शुक्रवार रात्रीपर्यंत सासूबाईंचा रक्तदाब, पोराची शाळा आणि गॅसचा नंबर सगळं एकटीच्या अंगावर. एकशे दहा किलोमीटर काही फार नाहीत, असं म्हणतात. नसतीलही, पण ते रोज कुणाच्या खांद्यावर असतात ते बघा. ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांनी हे करावं. पण निर्णय टाळता यावा म्हणून हा मार्ग काढू नये.

मुलांच्या दृष्टीने वारंवार शहर बदलणं वाईट, हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. सैन्यातल्या माणसांची, बदलीच्या नोकरीतल्या माणसांची पोरं वाढली आहेत आणि सातारा जिल्ह्याला हे सांगायला नको. पोरांना त्रास बदलापेक्षा जास्त होतो तो बदल का झाला हे न सांगितल्याने. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची माणसं आपल्याच दौलताबादेत आणली आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्लीला जायची मुभा दिली. सातशे वर्षं आपण त्या फेऱ्याला वेडेपणा म्हणतो. राजधानी दक्षिणेत असावी या विचारात तथ्य होतं, असं म्हणणारेही आहेत. पण ज्यांना चालायचं होतं त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. आमच्या घरातही २०२० मध्ये हेच झालं. जेवताना नवरा म्हणाला, जाऊया साताऱ्याला, आणि पंधरा दिवसांत टेम्पो आला. तेव्हा काळच तसा होता. या वेळी मात्र मी ठरवलं की प्रत्येकाला विचारायचं.

मुलीने सांगितलं की तिला पुणं हवं आहे, पण जुन्या मैत्रिणींसाठी नाही. त्या आता तिच्या ओळखीच्या राहिलेल्या नाहीत. तिला हवा आहे तो अकरावीचा एक विशिष्ट विषय, जो इथे मिळत नाही. नवरा दोन दिवस गप्प राहिला आणि मग म्हणाला, मला इथून हलायचं नाही, पण त्याचं कारण आई आहे की अजिंक्यतारा, ते मलाच कळत नाही. एवढं प्रामाणिक उत्तर मी त्याच्याकडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंना विचारायला मी घाबरत होते. त्या बहात्तर वर्षांच्या. दुपारी लसूण सोलत बसल्या होत्या. मी विषय काढला तर म्हणाल्या, “मला आजवर कुणी इचारलं हुतं का, कुठं ऱ्हायचं ते?” त्यांचं माहेर जावळीतलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं, शिवसागराचं पाणी चढलं आणि त्यांचं गाव त्यात गेलं. तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. गावातली काही घरं रायगड-ठाण्याकडे गेली, काही डोंगरात वर सरकली. उन्हाळ्यात पाणी वसरलं की जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो, तो बघायला त्या तरुणपणी दोनदा लाँचने गेल्या होत्या. मी विचारलं, पुन्हा जावंसं वाटतं का? “बघाया जावं की. ऱ्हायला कोण जातंय तिथं,” म्हणाल्या आणि लसणाची टरफलं सुपात गोळा करू लागल्या. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, पुण्यात जिना किती पायऱ्यांचा आहे, खाली बायका बसतात का, आणि गोळ्यांचा डबा कोण भरून देणार.

कर्वेनगरचा जिना बहात्तर पायऱ्यांचा आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या मनात मोजल्या. त्या घरात मी तेरा वर्षं संसार केला, भिंतीवर मुलीच्या उंचीच्या रेघा अजून आहेत, आणि जायचं ठरलं तरी आम्ही तिथे जाणार नाही हे मला तेव्हाच कळलं. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांसाठी वाढवून दिला. नवरा आणि मी आता दर दुसऱ्या रविवारी पुण्याला जातो आणि ज्या भागात आमच्या ओळखीचं कुणी नाही तिथली तळमजल्याची घरं बघतो. अजून एकही पसंत पडलेलं नाही. बघताना मी आधी खोल्या मोजत नाही. दारापासून बाकापर्यंत किती पावलं आहेत ते चालून बघते.